लशीनंतर ताप का येतो? टी पेशी आणि त्यांचा ओटीपी

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या भागाचा मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ बरेच गाळलेत, काही राहिले असतील. नेहमीचा खुलासा: मी डॉक्टर नाही. कोड लिहितो, बारावीनंतर बायॉलॉजी सुटली ती सुटलीच.

हा भाग घरातल्या वादातून निघाला. बाबा ६१ वर्षांचे. त्यांनी नागिणीची लस, शिंग्रिक्स, तिचा पहिला डोस घेतला. रात्री १०१ ताप, दंड वर उचलता येईना. सकाळी त्यांनी जाहीर केलं, “दुसरा डोस घेणार नाही. एवढे पैसे मोजून आजारपण कोण विकत घेतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून वाचायला बसलो.

आधी नागीण. वेढा पूर्ण झाला की माणूस जातो वगैरे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. ते खरं नाही. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण तो विषाणू जात नाही. मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो अनेक दशकं दडून राहतो. त्याला तिथे दाबून ठेवतात त्या मुख्यतः टी पेशी. वय वाढलं की त्यांचा पहारा सैल होतो आणि विषाणू त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पुरळ अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं. म्हणजे या लशीला जागं करायच्या आहेत त्या टी पेशी.

आणि खरी गंमत इथे आहे. टी पेशीवरचा रिसेप्टर जनुकांचे तुकडे रँडम जोडून बनतो. त्यामुळे जगात नसलेल्या विषाणूसाठीही कुठली तरी टी पेशी तयार असते. पण तिला आपण पकडलेला तुकडा शत्रूचा आहे की जेवणातला की आपल्याच यकृताचा, हे कळत नाही. थायमस ग्रंथीत बरीच चाळणी होते, तरी काही चुकार पेशी निसटतातच. अशा पेशीच्या हातात थेट प्रॉडक्शनचा ॲक्सेस कोण देईल?

म्हणून शरीरात टू-फॅक्टर आहे. पासवर्ड म्हणजे तो प्रथिनाचा तुकडा. तो दाखवते डेंड्रायटिक पेशी. ओटीपी म्हणजे त्याच पेशीवर उगवणारे सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू. नुसता पासवर्ड मिळाला तर टी पेशी लढत नाही. उलट ती सुस्त पडते, नंतर नीट सिग्नल मिळाला तरी सहज उठत नाही. अकाउंट लॉक!

मग ओटीपी पाठवतं कोण? १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. प्रयोगशाळेत शुद्ध प्रथिन टोचलं तर प्रतिकारशक्ती ढिम्म. त्यात मेलेले जिवाणू किंवा ॲल्युमिनियमचा क्षार घातला की काम व्हायचं. सगळे घालायचे, का ते कुणी सांगत नव्हतं. जेनवे म्हणाले, जिवाणूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे जन्मजात रिसेप्टर असले पाहिजेत, आणि तेच टी पेशींना परवानगी देत असणार. पुरावा तेव्हा नव्हता! १९९६ मध्ये फळमाशीत ‘टोल’ नावाचा रिसेप्टर बुरशीपासून संरक्षण करतो हे दिसलं. १९९७ मध्ये मेड्झिटोव्ह आणि जेनवे यांना त्याचा माणसातला भाऊ सापडला, तो आजचा टीएलआर४. १९९८ मध्ये बॉइटलर यांच्या गटाने दाखवलं, की काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक मेदयुक्त रेणू तो ओळखतो. माणसात असे टीएलआर दहा आहेत. २०११ चं नोबेल या कामासाठी आणि डेंड्रायटिक पेशींसाठी मिळालं. जेनवे २००३ मध्येच गेले होते.

टीएलआर वाजला की डेंड्रायटिक पेशी जागची हलते, जवळच्या लसीका ग्रंथीत जाते (जखम झाली की काखेत अवधाण येतं ना, तीच ग्रंथी) आणि तिथे पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही दाखवते. सोबत ती कुठली रसायनं सोडते त्यावर टी पेशी काय बनेल तेही ठरतं. आयएल-१२ असेल तर पेशीच्या आत लपलेल्या शत्रूवर धावणारी, वेगळं मिश्रण असेल तर बुरशीवर. म्हणजे ओटीपीबरोबर रोलही असाइन होतो.

आता बाबांचा डोस. त्यात विषाणू नाहीच, त्याचं फक्त एक प्रथिन आहे. तो पासवर्ड. सोबत साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातून काढलेला, विषारीपणा खूप कमी केलेला मेद, जो टीएलआर४ वाजवतो. आणि चिलीतल्या एका झाडाच्या सालीचा अर्क. दोन्ही मिळून शरीराला पटवतात की हल्ला झालाय. रसायनं सुटतात, ताप येतो, दंड दुखतो. २०१५ मध्ये आलेल्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांत नागीण साधारण ९७ टक्के कमी झाली, दोन डोस घेतलेल्यांत. आपली कोव्हॅक्सिनही याच जातीची, पुण्याच्या एनआयव्हीत वेगळा केलेला विषाणू आणि जोडीला टीएलआर७ व ८ वाजवणारा रेणू.

एक मात्र सांगतो, ताप हा काही मीटर नाही. ज्यांना ताप आला नाही त्यांची लस वाया गेली असं समजू नका.

हे सगळं बाबांना सांगितलं. ओटीपीवर हसले. मग थोडं थांबून म्हणाले, “मग आजीला का नाही दिली?”

आजीला नागीण २०१४ मध्ये झाली. पुरळ तीन आठवड्यांत गेलं, पण बरगडीखालची आग ती जाईपर्यंत राहिली. अंगाला पदर लागला तरी कळवळायची. ही लस अमेरिकेत मंजूर झाली २०१७ मध्ये, भारतात यायला आणखी काही वर्षं लागली.

दुसरा डोस शनिवारी आहे. रविवारची भिशी बाबांनी पुढे ढकललीय.