स्टेंट देशी घ्यावा की इम्पोर्टेड?



आपल्या बुऱ्हाणपूरहून हृदयाचा पेशंट बहुधा इंदूरला किंवा जळगावला न्यावा लागतो. अँजिओग्राफी होते आणि बाहेर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला विचारलं जातं, "स्टेंट कोणता टाकायचा?" विचार करायला मिळतात जेमतेम पाच-दहा मिनिटं. म्हणून ही माहिती आधीच घरात वाचलेली असावी, असं आम्हाला वाटतं.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करून ती उघडी राहावी म्हणून ही जाळी आत बसवतात. पूर्वीच्या साध्या जाळीभोवती पेशी वाढत आणि साधारण चार-पाच जणांत एकाची वाहिनी पुन्हा अरुंद होई. औषधी स्टेंटवरचं औषध हळूहळू सुटतं आणि ही वाढ रोखतं. अमेरिकेत असा पहिला स्टेंट 2003 साली मंजूर झाला.

ब्रँडचा फरक किती?

आजच्या बहुतेक स्टेंटमध्ये सिरोलिमस, एव्हरोलिमस किंवा झोटारोलिमस यांपैकी एक औषध असतं. तिन्ही एकाच कुळातली आहेत. तारही पहिल्या पिढीपेक्षा बारीक झाली आहे. सुरतेत, म्हणजे आपल्याच तापीच्या काठी बनणारा सुप्राफ्लेक्स आणि अमेरिकन कंपनीचा झायन्स यांची युरोपात 1,435 रुग्णांवर तुलना झाली. ती 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. वर्षभरात स्टेंटशी संबंधित गंभीर त्रास सुप्राफ्लेक्समध्ये 4.9 टक्के, तर झायन्समध्ये 5.3 टक्के रुग्णांना झाला. म्हणजे सुरतचा स्टेंट कमी पडला नाही. अर्थात सगळ्याच ब्रँडची अशी मोठी चाचणी झालेली नसते. म्हणून "याची चाचणी झाली आहे का?" हे जरूर विचारावं.

किंमत

फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. त्याआधी तो लाखाच्या वरही विकला जाई. मर्यादेचा आकडा पुढे बदलत गेला, पण ती देशी-विदेशी दोन्हींना लागू आहे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे दाखवलेले आहेत ना, ते पाहावं. आयुष्मान कार्ड असेल तर भरती होतानाच दाखवावं.

खरी काळजी इथे

स्टेंट कोणताही असो, अ‍ॅस्पिरिन आणि सोबतची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर मनाने बंद करू नये. दोन्ही गोळ्या हार्ट अटॅकनंतर साधारण 12 महिने, एरवी साधारण 6 महिने चालतात. नेमका काळ डॉक्टर ठरवतात आणि पुढे सहसा एक गोळी चालूच राहते. बरं वाटलं म्हणून किंवा दात काढायचा म्हणून गोळी मध्येच सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. दात काढण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा.

तेव्हा ब्रँडसाठी कर्ज काढण्याआधी वर्षभराच्या गोळ्यांची सोय बघा. स्टेंटचं कार्ड जपून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.