गुणी वादक आणि जाणता श्रोता

मोठा कलावंत मोठ्या सभागृहातच उदयाला येतो, अशी आपली एक सोयीची समजूत असते. प्रत्यक्षात त्याची पहिली पारख बहुधा एखाद्या लहानशा जागेत होते. आणि ती होते, कारण तेथे मन लावून ऐकणारे कोणीतरी बसलेले असते. विसाव्या शतकातील अग्रगण्य चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे पूर्वायुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

कासाल्स यांचा जन्म १८७६ साली स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, एल वेंड्रेल या गावी झाला. वडील तेथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. घरी संगीताचे वातावरण होते. परंतु व्हायोलिनच्याच कुळातील, गुडघ्यांमध्ये धरून वाजवावयाचे चेलो हे खर्जाचे वाद्य मुलाने ऐकले नव्हते. तो अकरा वर्षांचा असताना तीन वादकांचा एक संच गावात आला. मोजक्या वादकांनी एकत्र बसून, वृंदनिर्देशकाशिवाय सादर करावयाच्या या संगीताला पाश्चात्त्य परंपरेत ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. त्या संचातील जोसेप गार्सिया यांचा चेलो ऐकून मुलगा भारावून गेला. त्याला सुताराच्या हाताखाली द्यावे, असा वडिलांचा विचार होता. आईने तो मानला नाही. १८८८ साली ती त्याला बार्सिलोनाच्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत घेऊन गेली, आणि तेथे गुरू लाभले ते हेच गार्सिया.

शिकत असतानाच पोटासाठी हा मुलगा ‘कॅफे तोस्त’ नावाच्या उपाहारगृहात तिघांच्या संचात वाजवू लागला. मोबदला रोजचे चार पेसेता. गिऱ्हाइकांना चालू पसंतीच्या चाली हव्या असत. तरी आठवड्यातील एक संध्याकाळ अभिजात संगीतासाठी राखावी, अशी गळ त्याने मालकाला घातली आणि मालकाने ती मान्य केली. हळूहळू जाणकार मंडळी तेथे येऊ लागली. त्यांतच प्रसिद्ध पियानोवादक व संगीतरचनाकार इसाक अल्बेनिझ होते. त्यांनी माद्रिदच्या दरबारातील काउंट मॉर्फी यांच्या नावे शिफारसपत्र दिले. पुढे त्या पत्राच्या बळावर मायलेक माद्रिदला गेले आणि राणी मारिया क्रिस्तीना यांच्याकडून दरमहा २५० पेसेतांची वृत्ती सुरू झाली.

या हकिकतीत प्रतिभा कासाल्स यांची खरी. पण गावातील तो कार्यक्रम, आईचा हट्ट, उपाहारगृहाच्या मालकाचा समजूतदारपणा आणि एका श्रोत्याचे पत्र, यांपैकी काय वगळून चालले असते? अर्थात संधी मिळाली म्हणून साधना टळली नाही. १८९० साली बार्सिलोनातील एका दुकानात त्यांना बाखच्या चेलोसाठीच्या सहा रचना सापडल्या. त्या जाहीरपणे वाजविण्यापूर्वी त्यांनी सुमारे बारा वर्षे त्यांचा अभ्यास केला.

विशेष हे की, कीर्ती मिळाल्यावर कासाल्स यांना श्रोत्यांचा विसर पडला नाही. १९२६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने बार्सिलोनात कामगारांची संगीतसभा स्थापन झाली. अल्प वर्गणीत अल्प उत्पन्नाच्या माणसांना उत्तम वाद्यवृंद ऐकता यावा, हा तिचा हेतू होता.

आपल्याकडेही गावोगावच्या संगीत मंडळांनी आणि गणेशोत्सवातील मैफलींनी हेच कार्य केले आहे. आज यंत्रावर जगातील कोणताही वादक क्षणात ऐकता येतो. परंतु यंत्रावर ऐकणाऱ्याला शेजारच्या गल्लीतील मुलाचा रियाज कसा कळावा? नामवंतांसाठी तिकीट काढणारे पुष्कळ असतात. नवख्याच्या कार्यक्रमाला मात्र त्याचे आप्तच तेवढे येतात. शाळेचे सभागृह महिन्यातून एक संध्याकाळ उघडून देणे शिक्षकांना अवघड नाही. कचेरी सुटल्यावर तासभर तेथे जाऊन बसणे कारकुनाला परवडण्याजोगे आहे. विद्यार्थ्याला तर ते शिक्षणच आहे. अनुदानाची वाट पाहण्यापूर्वी एवढे तरी आपल्या हातचे आहे. समोरच्या रिकाम्या खुर्च्या पाहून वाद्य मिटून ठेवणारा मुलगा आपल्याला कधी कळतही नाही, हेच या उदासीनतेचे खरे मोल आहे.