पाण्यातून जीप नेताना

जुलै २०१८ च्या पावसात वसई तालुक्यात रस्तोरस्ती पाणी तुंबले होते. असा पाऊस लागला की वाडीतली केळी नि भाजी पापडीच्या बाजाराला न्यायची कशी, ही अडचण येते.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, पण हवा लागतेच. हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एअर क्लीनरचे तोंड रबरी होज व नळी जोडून टपाच्या उंचीपर्यंत न्यावे. प्रत्येक सांधा क्लॅम्पने घट्ट आवळावा. गिअरबॉक्स व डिफरन्शिअलच्या ब्रीदरनाही रबरी नळ्या लावून त्या वर घ्याव्यात. मात्र असा बदल करण्यापूर्वी आर. टी. ओ. कडे चौकशी करावी.

पाण्यात उतरताना जाळीपुढे ताडपत्री बांधावी. पहिल्या गिअरात, सावकाश, न थांबता जावे. गाडी मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. बाहेर येताच ताडपत्री सोडावी, हलके ब्रेक दाबून ते सुकवावेत. तेल दुधाळ दिसल्यास बदलावे.

ही सारी तयारी साचलेल्या पाण्यासाठी आहे. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. तेथे थांबावे, भाजी पुढच्या बाजाराला नेता येईल.