पानाबरोबर अक्षरांची शिदोरी

छापील मासिक आपल्या हातात येते तेव्हा त्यातील अक्षरे कागदावर उमटूनच आलेली असतात. 'क' ची उभी रेघ किती जाड, 'ळ' ची वळणे कशी, हे सारे छापखान्यात ठरून गेलेले असते. वाचकाकडे फक्त डोळे आणि उजेड असला की पुरे. वेबपानाचे तसे नाही. दूरच्या संगणकावरून आपल्या पडद्यापर्यंत जो मजकूर येतो तो आकड्यांच्या रूपात येतो आणि त्या आकड्यांत अक्षराचे रूप नसते. मग पडद्यावर दिसणारे मराठी अक्षर येते कोठून? पान तयार करणाऱ्याच्या मनातले वळण वाचकालाही तसेच दिसावे, यासाठी काय करतात? आणि या साऱ्याचा आपल्या शाळेतील जुन्या प्रश्नपत्रिकांशी काय संबंध? क्रमाने पाहू या.

आकडा वेगळा, आकार वेगळा

प्रत्येक अक्षराला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. जगातील लिप्यांसाठी युनिकोड नावाची जी सर्वमान्य यादी आहे, तिच्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखलेले आहेत. 'क' चा क्रमांक २३२५, 'म' चा २३५०, हलन्त चिन्हाचा २३८१. संगणक साठवतो आणि पाठवतो तो हा क्रमांक.

या क्रमांकाला रूप देण्याचे काम फाँट करतो. फाँट म्हणजे एक फाइल असते आणि तिच्यात अनेक तक्ते असतात. एका तक्त्यात 'अमुक क्रमांक आला तर अमुक आकृती दाखवा' अशी नोंद असते. दुसऱ्या तक्त्यात त्या आकृत्यांच्या कडा असतात. या कडा चित्रासारख्या ठिपक्याठिपक्यांनी भरलेल्या नसतात. आलेखकागदावर आपण बिंदू मांडतो तसे बिंदूंचे सहनिर्देशक दिलेले असतात आणि त्यांच्यामधून सरळ किंवा वक्र रेषा न्यायच्या असतात. अक्षराच्या चौकटीची उंची बहुधा १००० किंवा २०४८ भागांत विभागलेली असते. १९९१ साली ॲपलने आणलेल्या ट्रूटाइप प्रकारात हे वक्र म्हणजे चक्क अन्वस्ताचे, म्हणजेच पॅराबोलाचे, तुकडे असतात. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात वापरता येईल. बिंदू आणि वक्र माहीत असल्यामुळे अक्षर कितीही मोठे केले तरी त्याची कड दातेरी होत नाही.

देवनागरीला आणखी एक तक्ता लागतो. आपल्याकडे क्रमांकांपेक्षा आकृत्या कितीतरी जास्त आहेत. 'क्ष' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाही. क, हलन्त आणि ष असे २३२५, २३८१, २३५९ हे तीन क्रमांक ओळीने आले की 'क्ष' ची आकृती दाखवा, अशी सूचना फाँटमध्येच असते. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षरानंतर उच्चारतो, पण काढतो अक्षराच्या आधी. क्रमांकांच्या ओळीत ती उच्चाराप्रमाणे नंतर येते आणि दाखवताना संगणक तिला अलीकडे आणतो. मराठीचा खास नमुना म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिल्यात २३५२ क्रमांकाचा 'र' आहे, तर दुसऱ्यात २३५३ क्रमांकाचा. फाँट तयार करणाऱ्याला मराठीची ओळख नसेल आणि त्याने हा दुसरा आकार काढलाच नसेल, तर डोंगरातल्या दऱ्या नीट दिसणार नाहीत.

फाँट नसेल तर?

वेबपानाबरोबर फाँट येत नसेल, तर ब्राउझर वाचकाच्या संगणकावर जो उपलब्ध असेल तो वापरतो. इंग्रजीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. वळण बदलते, शब्द तोच राहतो. १९९० च्या दशकातील मराठीची गोष्ट मात्र वेगळी होती.

युनिकोडच्या यादीत देवनागरी १९९१ पासून होती, पण सर्वसामान्य संगणकांना ती दाखवता येत नव्हती. विंडोजमध्ये ही सोय 'मंगल' या फाँटसह विंडोज २००० पासून आली. तोवर एक युक्ती सर्वत्र वापरली जाई. त्या काळच्या फाँटमध्ये २५६ जागा असत आणि त्यांतही काही राखीव. इंग्रजी 'ए' च्या जागी, म्हणजे ६५ क्रमांकावर, मराठीची एखादी आकृती बसवायची, 'बी' च्या जागी दुसरी, अशी सगळी लिपी त्या जागांत कोंबायची. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच राही. फाँट त्याला मराठीचा मुखवटा चढवी. कोणती आकृती कोणत्या जागी बसवायची हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवले. त्यामुळे एका फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की भलतीच अक्षरे दिसत आणि फाँट नसलाच तर इंग्रजी अक्षरे, कंस व चिन्हे यांची खिचडी.

येथे फाँट हरवणे म्हणजे सुंदर वळण हरवणे नव्हे, तर मजकुराचा अर्थच हरवणे होते. म्हणूनच त्या काळी मराठी संकेतस्थळांवर 'आधी आमचा फाँट उतरवून घ्या' अशी सूचना ठळकपणे दिलेली असे.

शिदोरी बांधण्याचे पहिले प्रयत्न

वाचकाला हा खटाटोप करावा लागू नये, पानानेच आपला फाँट बरोबर आणावा, ही कल्पना १९९७ मध्ये प्रत्यक्षात आली. पण एकाच वेळी दोन परस्परांना न कळणाऱ्या रूपांत. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीने बिटस्ट्रीम या कंपनीचा पीएफआर हा प्रकार स्वीकारला. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने ईओटी हा प्रकार आणला. ईओटीमध्ये फाँट दाबून लहान केलेला असे आणि तो कोणत्या संकेतस्थळावर वापरायचा आहे त्याचा पत्ताही त्यात बांधता येई. दुसऱ्या पत्त्यावरील पानाला तो फाँट वापरता येत नसे. फाँट तयार करणाऱ्यांच्या मालकी हक्काचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा हेतू होता.

'फाँट अमुक ठिकाणाहून आणा' हे पानात लिहिण्याची सर्वमान्य पद्धत १९९८ मध्ये ठरली. आणायची फाइल कोणत्या प्रकारची असावी, हे मात्र ठरले नाही. नेटस्केपच्या २००० मधील नव्या आवृत्तीत पीएफआर उरला नाही. ईओटी इंटरनेट एक्सप्लोररखेरीज कोणी स्वीकारला नाही आणि त्या ब्राउझरला मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये निरोप दिला.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. ज्या पानांतील मजकूर मुखवट्याच्या फाँटमध्ये होता आणि फाँट अशा फाइलीतून येत होता, ती पाने आजच्या ब्राउझरमध्ये उघडली तर निरर्थक चिन्हे दिसतात. पान जपलेले असते, आकडे जागच्या जागी असतात, पण वाचता येत नाहीत.

वॉफ: एक साधे वेष्टन

२००८ मध्ये सफारीने आणि २००९ मध्ये फायरफॉक्सने साधी ट्रूटाइप किंवा ओपनटाइप फाइलच पानाबरोबर आणण्याची सोय दिली. तांत्रिकदृष्ट्या हे सोपे होते, परंतु दोन अडचणी होत्या. एक, या फाइली मोठ्या असतात. दोन, आलेली फाइल कोणीही उचलून आपल्या संगणकावर बसवू शकतो. त्यामुळे फाँट विकून पोट भरणारे कलावंत व कंपन्या परवानगी देईनात.

२००९ मध्ये जोनाथन क्यू, ताल लेमिंग आणि एरिक व्हॅन ब्लॉकलंड यांनी मधला मार्ग सुचवला. त्याचे नाव 'वेब ओपन फाँट फॉरमॅट', म्हणजेच वॉफ. हा नव्या जातीचा फाँट नाही. जुनाच फाँट घ्यायचा, त्यातील एकेक तक्ता दाबून लहान करायचा आणि वर मालकाची व परवान्याची माहिती लिहिण्यासाठी जागा असलेले वेष्टन घालायचे. त्यात गुप्तलेखन नाही, पत्त्याचे बंधन नाही. फक्त ती फाइल संगणकावर नेहमीच्या फाँटसारखी थेट बसवता येत नाही. शेताच्या फाटकाला कुलूप नसते, पण ते लोटलेले असले की वाटसरू आत शिरत नाही, तसा हा प्रकार. ब्राउझर बनवणाऱ्या आणि फाँट बनवणाऱ्या दोन्ही पक्षांना तो पटला. डिसेंबर २०१२ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

कमी जागेत जास्त

वॉफची दुसरी आवृत्ती, वॉफ-२, मार्च २०१८ मध्ये मान्य झाली. ती पहिल्यापेक्षा सरासरी सुमारे ३० टक्के लहान होते. हे कसे साधते?

माहिती दाबण्याचे मूळ तत्त्व असे, की पुनरावृत्ती थोडक्यात सांगायची. 'सात सात सात सात सात' असे न म्हणता 'पाच वेळा सात' म्हणायचे. वॉफ-२ मध्ये याच तत्त्वावर चालणारी ब्रॉटली नावाची अधिक समर्थ पद्धत वापरली आहे. त्याआधी दोन कामे केली जातात. पहिले, सारख्या जातीची माहिती एकत्र लावणे. बिंदूंची संख्या एका ओळीत, त्यांच्यातील अंतरे दुसऱ्या ओळीत, असे केले की पुनरावृत्ती सहज सापडते. धान्य निवडून वेगवेगळ्या डब्यांत भरावे तसे. दुसरे काम अधिक मनोरंजक आहे: जे गणिताने काढता येते ते पाठवायचेच नाही. कोणती आकृती फाइलीत कितव्या स्थानावर सुरू होते हे सांगणारा तक्ता फाँटमध्ये असतो. आकृत्या ओळीने मिळाल्या की वाचकाचा संगणक तो तक्ता स्वतःच तयार करू शकतो. मग तो वगळला जातो. आकृतीचे सहनिर्देशक कळले की तिच्याभोवतीची चौकट काढता येते. म्हणून बहुतेक आकृत्यांच्या चौकटीही वगळल्या जातात. पोहोचल्यावर सगळे पुन्हा उभे राहते आणि आकृतीत काही फरक पडत नाही.

देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या शेकड्यांनी असतात. त्यामुळे आपल्या लिपीला या बचतीचा लाभ अधिक जाणवतो, विशेषतः मंद जोडणी असलेल्या गावी. मात्र फाइल लहान करण्याच्या नादात काही जण जोडाक्षरांचे तक्तेही छाटून टाकतात. मग 'क्ष' च्या जागी हलन्ताचा पाय मोडलेला 'क' आणि शेजारी 'ष' उभे राहतात. तसे दिसले तर दोष मजकुरात नसून फाँटमध्ये आहे हे ओळखावे.

करून पाहा

१. वॉफ प्रकारची एखादी फाइल मिळवून ती नोटपॅडसारख्या साध्या प्रणालीत उघडा. बाकी सारे अगम्य दिसेल, पण पहिली चार अक्षरे वाचता येतील: पहिल्या आवृत्तीत इंग्रजी 'डब्ल्यू, ओ, एफ, एफ' आणि दुसरीत शेवटच्या 'एफ' च्या जागी २ चा आकडा. फाइलीच्या नावावर न विसंबता ब्राउझर हीच खूण पाहतो.

२. एक्सेल किंवा लिबरऑफिसच्या तक्त्यात 'क' टाइप करा आणि शेजारच्या घरात 'युनिकोड' या सूत्राने त्याचा क्रमांक विचारा. २३२५ हे उत्तर येईल. आता शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतील किंवा अहवालातील एखादा शब्द तेथे चिकटवून तोच प्रश्न विचारा. सूत्र फक्त पहिल्या अक्षराचा क्रमांक देते. तो २३०४ ते २४३१ यांच्या दरम्यान आला तर मजकूर सुरक्षित आहे. त्याबाहेर आला तर पडद्यावर मराठी दिसत असूनही आत ती नाही.

या दुसऱ्या प्रयोगाचे उत्तर गंभीरपणे घ्यावे. मुखवट्याच्या फाँटमधील मजकुरात 'पाणी' हा शब्द शोधला तर सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली त्यातून निरर्थक आवाज काढते. ज्या दिवशी तो फाँट असलेला शाळेतील शेवटचा संगणक बंद पडेल, त्या दिवशी वीस-पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हस्तलिखितांच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निबंध वाचता येईनासे होतील. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. पण त्यासाठी मूळ फाँटचे नाव ठाऊक असावे लागते आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात. म्हणून फाइलीबरोबर फाँटचे नाव आजच लिहून ठेवावे आणि शक्य असेल तेव्हा त्या फाँटमध्ये एक छापील प्रतही काढून ठेवावी.

वॉफ-२ ची जागाही उद्या दुसरा एखादा प्रकार घेईल. आजची युनिकोडमधील पाने मात्र तेव्हाही वाचता येतील, कारण त्यांच्या शिदोरीत फक्त वळण बांधलेले आहे. शब्द पानातच आहेत. ज्येष्ठ वर्गातील मुलांना शाळेच्या संगणकावरील दहा जुन्या फाइली वाटून द्या आणि त्यांतील किती युनिकोडमध्ये आहेत, ते शोधून काढायला सांगा.