रूप जुने, यंत्र नवे : अमेरिकी मसल कार, चेतक व थार यांच्या संदर्भात रेट्रो शैलीच्या आकर्षणाची मीमांसा

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याचा वाहन उद्योगाशी असलेला संबंध सहसा दृष्टीस पडत नाही. वरठी येथील सनफ्लॅगच्या कारखान्यात वाहनांच्या भागांसाठी उपयोगी पडणारे विशेष पोलाद तयार होते, तर गडेगाव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यात अवजड वाहनांचे गिअरबॉक्स बनतात. वाहन धावते ते अशा भागांच्या बळावर. परंतु खाजगी वाहन पसंत करणारा ग्राहक प्रथम पाहतो तो दिव्याचा आकार, पत्र्याची वळणे आणि समोरची जाळी. वाहनाचे कार्य व वाहनाचे रूप यांतील हे अंतर ज्या शैलीत सर्वाधिक स्पष्ट होते, ती म्हणजे 'रेट्रो' शैली. या शैलीचे आकर्षण कशात आहे आणि त्या आकर्षणात कोणत्या गोष्टी नजरेआड होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रेट्रो शैली : संकल्पना
जुने वाहन जतन करणे आणि रेट्रो वाहन तयार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'व्हिंटेज' वाहन खरोखरच जुने असते. रेट्रो वाहन मात्र सर्वस्वी नवे असून त्याला गतकाळातील रूप हेतुपुरस्सर दिलेले असते. या शैलीचा आधार म्हणजे स्मरणरंजन. त्यासाठी इंग्रजीत रूढ असलेली 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ मध्ये घरच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीसाठी योजिली होती. पुढे व्याधीचा अर्थ मागे पडला आणि ओढीचा विषयही बदलला. दूर राहिलेल्या स्थळाऐवजी सरून गेलेल्या काळाची ओढ, असा तिचा अर्थ रूढ झाला. स्थळाकडे परत जाता येते, काळाकडे नाही. ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन रेट्रो वस्तू देते.

अमेरिकी मसल कार : उगम, ऱ्हास व पुनरागमन
मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त अशा दोन दारी मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार झालेल्या वेगवान मोटारींना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही या प्रकारातील आरंभीची ठळक मोटार मानली जाते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्ड मस्टँग बाजारात आली. काटेकोर वर्गीकरणात मस्टँग व तिच्या पाठोपाठ आलेली शेव्हरोले कॅमॅरो यांना 'पोनी कार' म्हटले जात असले, तरी सामान्य व्यवहारात त्यांचा समावेश मसल कारमध्येच होतो. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा तारुण्यात येत होती आणि पेट्रोल स्वस्त होते. पुढे १९७० चा हवा प्रदूषणविषयक कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हे युग ओसरले.

सुमारे तीन दशकांनंतर तीच रूपे परतली. २००५ च्या मस्टँगमध्ये १९६० च्या दशकातील लांब पुढचा भाग, आखूड मागचा भाग व तीन उभ्या पट्ट्यांचे मागील दिवे पुन्हा आले. त्या काळी फोर्डच्या रचना विभागाचे प्रमुख असलेले जे मेज या शैलीचे प्रमुख पुरस्कर्ते होते. २००८ मध्ये डॉज चॅलेंजर आणि २००९ मध्ये नवी कॅमॅरो आली. मूळ मोटारीचा लांब पुढचा भाग मोठे इंजिन सामावण्यास सोयीचा होता. नव्या मोटारींत सहा सिलिंडरचे लहान इंजिनही मिळू लागले, तरी लांबी तशीच राहिली. पूर्वी जी गरज होती, ती आता खूण झाली. रेट्रो शैलीचे हे मर्म आहे.

महाराष्ट्रातील उदाहरणे
(अ) चेतक : पिआजिओ कंपनीबरोबरचा परवाना करार १९७१ मध्ये संपल्यानंतर बजाज ऑटोने १९७२ मध्ये 'चेतक' ही स्कूटर आणली. तिचा आराखडा इटालियन व्हेस्पाच्या वळणाचा होता, नाव मात्र महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. पोलादी पत्र्याची काया आणि डाव्या मुठीत फिरणारे गिअर ही तिची ओळख. उजव्या बाजूच्या फुगीर झाकणामागे इंजिन असे. म्हणजे तिची गोलाईही गरजेतून आली होती. मोटारसायकलींच्या स्पर्धेत तिचे उत्पादन २००५-०६ च्या सुमारास थांबले आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचे क्षेत्रच सोडण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यात आले आणि जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली. गोलसर दिवा, धातूची काया व दोन्ही बाजूंचे भरीव वळण कायम राहिले. मात्र त्या वळणाआड आता पेट्रोल इंजिन नाही आणि मुठीत गिअरही नाहीत.

(आ) थार : महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत अमेरिकी विलिस जीपची जुळणी सुरू केली. सपाट मडगार्ड व उघडी बाजू ही तिची रूपरेषा युद्धकाळातील झटपट उत्पादन व सुलभ दुरुस्ती यांच्या गरजेतून आली होती. हीच रूपरेषा २०१० च्या 'थार'ने पुढे नेली. ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीस आलेल्या नव्या थारमध्ये स्वयंचलित गिअर व सुरक्षापिशव्या आल्या, तरी चौकोनी ठेवण व गोल दिवे टिकले. याच कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेत आणलेल्या 'रॉक्सर' या वाहनावर जीपच्या मालकांनी आक्षेप घेतला. २०२० मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जीपच्या विशिष्ट दृश्यरूपावरील हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला आणि कंपनीला रॉक्सरची रचना बदलावी लागली. स्मृतीत रुजलेले रूप ही मालमत्ता असते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

आकर्षणाची कारणे
पहिले कारण ओळखीचे आहे. पूर्णतः अपरिचित वस्तूविषयी ग्राहकाला धास्ती वाटते. ग्राहकाला पचेल तेवढेच नावीन्य द्यावे, असे प्रसिद्ध अमेरिकी रचनाकार रेमंड लोवी यांचे सूत्र होते. विजेरी स्कूटर नवखी असताना चेतकच्या परिचित रूपाने ती धास्ती कमी करण्यास मदत केली, असे म्हणता येईल. दुसरे कारण वेगळेपणाचे आहे. वायुरोध, पादचाऱ्यांची सुरक्षा आणि खर्च यांच्या समान निकषांमुळे आधुनिक मोटारी एकसारख्या दिसू लागल्या आहेत. त्या गर्दीत जुने रूप उठून दिसते. तिसरे कारण वयाचे आहे. तारुण्यात जे वाहन परवडले नाही, ते मध्यमवयात घेता येते. तथापि, ज्यांनी तो काळ पाहिलाच नाही अशा तरुणांनाही ही वाहने आवडतात. चित्रपट, जाहिराती व वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांतून त्यांना उसनी स्मृती लाभते.

स्मरण आणि विस्मरण
स्मरणरंजन निवडक असते. चेतकच्या आठवणीत १९८९ ची 'हमारा बजाज' ही जाहिरात आहे. तिच्यापूर्वीची प्रतीक्षायादी नाही. परवाना पद्धतीत उत्पादनावर मर्यादा असल्याने एके काळी स्कूटरसाठी दहा वर्षांपर्यंत वाट पाहावी लागे आणि परकीय चलन भरणाऱ्यास ती लवकर मिळे. स्कूटर हुंड्याच्या मागणीतही असे. दोन स्ट्रोकच्या इंजिनाचा धूर आणि किक मारण्यापूर्वी एका कुशीवर कलती करावी लागणारी स्कूटर या गोष्टी आज विनोदापुरत्या उरल्या आहेत.

जीपच्या बाबतीत हा भेद अधिक बोलका आहे. अमेरिकी मनात जीप ही महायुद्धातील विजयाची खूण आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील खेड्यात मात्र जीप आली ती प्रामुख्याने वनखाते, पोलीस व महसूल खात्याची म्हणून. तिथे ती सत्तेची खूण होती. दारात उभी राहिलेली जीप गावकऱ्यास आनंदाची वाटेच असे नाही. आज तेच रूप साहस व स्वातंत्र्य यांचे प्रतीक म्हणून विकले जाते. रूप एकच असले, तरी त्यामागील स्मृती सर्वांची एक नसते.

यातील सर्वांत गंभीर विस्मरण कौशल्याचे आहे. तालुक्याच्या गावातील स्कूटर मिस्त्री प्लग साफ करणे, कार्ब्युरेटर जुळवणे, क्लचची तार बदलणे यांवर उपजीविका करीत असे. विजेरी चेतकने स्कूटरचे बाह्यरूप जपले. परंतु या कामांची गरजच संपवली. अमेरिकेतही हेच घडत आहे. जुन्या चॅलेंजरचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले आणि २०२४ च्या विजेरी चार्जर डेटोनामध्ये इंजिनाचा गडगडाट कृत्रिमरीत्या निर्माण करण्याची सोय करण्यात आली. इंजिन गेले, आवाज राहिला.

निष्कर्ष :
गरजेतून जन्मलेले रूप गरज संपल्यावर खूण म्हणून उरते आणि त्या खुणेला बाजारात मोल मिळते, हे रेट्रो शैलीच्या आकर्षणाचे सार आहे. ही शैली सर्वथा त्याज्य नाही. नवे तंत्रज्ञान समाजाच्या अंगवळणी पाडण्यास तिचे साह्य होते. परंतु ती भूतकाळाचा पृष्ठभाग तेवढा जपते. त्या काळातील टंचाई, विषमता आणि कारागिरी यांची नोंद ठेवणे हे तिचे काम नाही; ते समाजशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य यांच्या अभ्यासकांचे आहे. ज्या जिल्ह्यात गिअरबॉक्स व पोलाद घडते, तेथील महाविद्यालयांनी मिस्त्री, कामगार व जुने वाहनधारक यांच्या मौखिक नोंदी विद्यार्थ्यांकरवी वेळीच संकलित करणे उचित ठरेल. पत्र्याचे वळण पुन्हा घडवता येते. ते घडवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या हातांचे ज्ञान एकदा लोपले की परत मिळवणे कठीण असते.