हरवले ते किती, हे लिहिले कुठे आहे?

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेचे नेमके 97 भाग हरवलेले आहेत, असे 2013 साली ब्रिटनमधले अभ्यासक छातीठोकपणे सांगू शकत होते. हेवा वाटावा तो या नेमकेपणाचा. हा आकडा सांगता आला तो तिथल्या अभिलेखागारात काय उरले आहे हे ठाऊक होते म्हणून नव्हे, तर 1960 च्या दशकात कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता भाग दाखवला गेला याची नोंद हाताशी होती म्हणून. 'रेडिओ टाइम्स' हे कार्यक्रमपत्रिकेचे साप्ताहिक 1923 पासून छापले जात होते, आणि त्यातल्या नोंदी बीबीसीने 2014 मध्ये शोधता येतील अशा रूपात सगळ्यांना खुल्या केल्या. दाखवलेल्यातून उरलेले वजा केले की हरवलेले मिळते. आपल्याकडे ही वजाबाकीच मांडता येत नाही, कारण वरची रक्कम कुणी लिहून ठेवलेली नाही. मुंबई दूरदर्शनची जुनी नाटके, नाट्यछटा, मालिका यांच्याबद्दल विचारले तर 'बरेच गेले' एवढेच उत्तर मिळते. म्हणून या लेखाचे म्हणणे असे, की फितींचा शोध दुसऱ्या क्रमांकाचे काम आहे. पहिले काम प्रक्षेपणाची यादी करण्याचे. ती यादी दूरदर्शनच्या कपाटांतून आपसूक बाहेर येणार नाही, आणि ती करायला सुरत हे गाव मुंबईइतकेच, काही बाबतींत मुंबईपेक्षाही सोयीचे आहे.

पुसापुशीबद्दल आधी बोलू, कारण तिच्यावरून उगाच राग काढला जातो. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले. व्हिडिओ फीत तेव्हा परदेशातून यायची, महाग असायची, आणि तिचा सगळ्यात मोठा गुण हाच मानला जायचा की ती पुसून पुन्हा वापरता येते. पुनःप्रक्षेपणाचा बाजार नव्हता, घरोघरी व्हिडिओ नव्हते, आणि काल दाखवलेले नाटक वीस वर्षांनी कुणी मागेल असे वाटायला काही कारण नव्हते. श्रीमंत बीबीसीही 1978 च्या सुमारापर्यंत हेच करत होती. चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' ही मालिका, त्यातले दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ, हे सगळे त्या पिढीच्या प्रेक्षकांना तोंडपाठ असते. पण आज पाहायला मिळतात ते अगदी मोजके भाग. यात सुरतकराने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. व्हिडिओ फितीचा पाया पॉलिएस्टरचा, म्हणजे सुरतेच्या मागांवर रात्रंदिवस चालणाऱ्या धाग्याच्याच पदार्थाचा असतो. तो पाया सहसा दगा देत नाही. दगा देतो तो चुंबकीय कण त्या पायाला धरून ठेवणारा लेप. दमट हवेत तो पाणी शोषतो, चिकट होतो, आणि फीत यंत्राच्या डोक्याला चिकटून सोलली जाते. म्हणजे जे पुसले गेले नाही तेही मुंबई-सुरतेच्या किनारी हवेत आपोआप टिकले असेल असे धरून चालता येत नाही.

आता सूचीकडे वळू. अभिलेखागाराची सूची ही बहुधा वस्तूंची सूची असते: अमुक क्रमांकाची फीत, अमुक लांबी, अमुक कपाट. कार्यक्रम हा त्या फितीचा एक तपशील. फीत पुसून दुसरा कार्यक्रम भरला की क्रमांक तोच राहतो, शीर्षक बदलते, आणि पहिल्या कार्यक्रमाचा उल्लेखही जुन्या वहीतल्या खोडलेल्या ओळीपुरता उरतो. म्हणून सूचीत नाव नसणे म्हणजे कार्यक्रम झालाच नाही असे नव्हे, आणि नाव असणे म्हणजे फितीवर तोच आहे असेही नव्हे. त्यात नोंदी रोमन लिपीत. 'चिमणराव' एका शब्दात की दोन, 'श्वेतांबरा' या मालिकेच्या नावाची सुरुवात कोणत्या अक्षराने, गुजराती 'आवो मारी साथे'मध्ये 'ए' किती, यावर संगणकाचा शोध यशस्वी होणार की नाही हे ठरते. कधी मालिकेचे नाव नसतेच, नुसते 'मराठी नाटक' आणि मिनिटे असतात. अशा वेळी शीर्षक शोधण्यात अर्थ नसतो. तारीख शोधावी लागते, मिनिटे जुळवावी लागतात, निर्मात्याचे नाव पाहावे लागते. आणि तारीख कुठून आणायची? पुन्हा त्या न केलेल्या यादीतूनच.

काय टिकले हे पाहिले की का टिकले तेही कळते. सुरतेहून मुंबईकडे जाताना वलसाड जिल्ह्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या वेशीवर उंबरगाव लागते. रामानंद सागर यांचे 'रामायण' इथे चित्रित झाले. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात त्याचे 78 भाग दाखवले गेले, आणि 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत ते पुन्हा दाखवता आले. कारण त्याला मालक होता. 1984 च्या 'हम लोग'नंतर प्रायोजित मालिकांचे युग आले. निर्माता बाहेरचा, जाहिरातीचे उत्पन्न निश्चित, त्यामुळे मूळ प्रत जपण्यात कुणाचा तरी थेट फायदा होता. केंद्राने स्वतः केलेल्या नाटकाला असा मालक नव्हता. सरकारी फीत, सरकारी स्टुडिओ, आणि कलावंताला एकदाचे मानधन. गुणवत्तेने टिकले आणि सुमार ते गेले, असा समज सोयीचा आहे, पण खोटा आहे. जपणाऱ्याचे हित जिथे होते तिथे टिकले, एवढेच म्हणता येते.

गुजरातेत याहून बोधप्रद उदाहरण खेडा जिल्ह्यातले आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. त्याची सूत्रे ज्यांच्याकडे होती त्यांत एकनाथ चिटणीस हे मराठी नाव ठळक आहे. त्याच सुमारास पीज या गावच्या लहान प्रक्षेपकावरून इस्रोने खेडा जिल्ह्यासाठी स्वतःचे कार्यक्रम सुरू केले. चारशेहून अधिक गावांत सार्वजनिक संच होते. 'चतुर मोटा', 'हूं ने मारा ए' यांसारख्या मालिका गावकऱ्यांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर लिहिल्या गेल्या. या उपक्रमाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला, आणि 1985 मध्ये लोकांचा विरोध असूनही पीजचे प्रक्षेपण बंद झाले. आता हा वारसा दूरदर्शनच्या सूचीत शोधणारा निराश होणारच. कार्यक्रम दूरचित्रवाणीचा असला तरी निर्माती संस्था अवकाश विभागाची होती. 'हरवलेला' म्हणून ज्याची नोंद होईल, तो भाग कदाचित दुसऱ्या मंत्रालयाच्या कपाटात असेल. माहिती व प्रसारण खात्याचे दार ठोठावून परत येणाऱ्याने इस्रोचे दार ठोठावलेले नसते.

मुंबई केंद्राचे गुजराती कार्यक्रम तर दोन्ही घरचे पाहुणे. 'आवो मारी साथे', मुलांचे 'संताकुकडी' हे मुंबईच्या स्टुडिओत घडले, मुंबईच्या गुजराती रंगभूमीवरचे कलावंत त्यांत वावरले. पुढे वाहिन्या भाषावार झाल्या. 1994 पासून मुंबई केंद्राची मराठी वाहिनी वेगळी झाली, तीच आजची सह्याद्री. गुजरातीसाठी अहमदाबादची गिरनार. सह्याद्रीने जुने काढून दाखवायचे ठरवले तर ते साहजिकच मराठी काढणार, आणि गिरनारकडे मुंबईची फीत असण्याचे कारण नाही. मुंबईत घडलेल्या गुजराती नाटिकांसाठी सूची चाळावी असे वाटायला कुणाच्याच कामाच्या चौकटीत जागा नाही. मराठी आणि गुजराती दोन्ही लिप्या सहज वाचणारा माणूस या कामाला हवा, आणि तो सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत गल्लोगल्ली भेटतो. खानदेशातून येऊन इथे दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला हे वाचन शिकवावे लागत नाही.

बाहेरचा अनुभवही असेच सांगतो, की वस्तू सापडते ती अनपेक्षित दारी, पण तिथे पोचवतो तो कागद. 2010 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 1957 ते 1970 या काळातली साठाहून अधिक ब्रिटिश दूरचित्र-नाटके निघाली. अमेरिकेतल्या शैक्षणिक वाहिनीला दाखवायला पाठवलेल्या त्या प्रती होत्या. 'डॉक्टर हू'चे नऊ हरवलेले भाग 2013 मध्ये जाहीर झाले, ते नायजेरियातल्या जोस शहरी मिळाले. शोधणाऱ्याने कोणत्या देशाला कोणती प्रत गेली आणि कोणती परत आली नाही याच्या नोंदींचा माग काढला होता. आपल्याकडेही एका केंद्राचे कार्यक्रम दुसऱ्या केंद्राकडे जात. जावकीची वही ही फितीच्या वहीइतकीच मोलाची आहे.

मग यादी करायची कशातून? दैनिकांतून. रोजचे 'आजचे दूरदर्शन' छापणाऱ्या वर्तमानपत्रांतून. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची, आणि 1956 च्या दुरुस्तीनंतर वर्तमानपत्राचीही, प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाला असा कायदा आपल्याकडे नाही; फ्रान्सने तो 1992 मध्ये केला. म्हणजे नाटक जपण्याची सक्ती नव्हती, पण ते रात्री साडेआठला आहे असे सांगणारा कागद जपण्याची होती. मुंबईच्या मराठी-गुजराती दैनिकांच्या फायली आणि 1863 पासून सुरतेहून निघणाऱ्या 'गुजरातमित्र'च्या फायली समोरासमोर ठेवून 1972 ते 1990 ही वर्षे पानोपानी उतरवली, तर वरची रक्कम मिळते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: छापलेली पत्रिका म्हणजे बेत, घडलेली गोष्ट नव्हे. हे खरेच. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींची हत्या झाली, त्यानंतरच्या दिवसांची छापील पत्रिका खरी धरणारा फसेल. क्रिकेटचा सामना लांबला की नाटक पुढे गेले, ऐनवेळी फीत बिघडली की जुनेच पुन्हा लागले. पण याला उतारा आहे. कलावंताशी करार झाल्याशिवाय आणि मानधनाचा धनादेश निघाल्याशिवाय सरकारी माध्यमात पान हलत नाही. अनेक जुन्या नटांच्या घरी ते करारपत्र फोटोच्या अल्बममध्ये जपलेले असते; त्यावर कार्यक्रमाचे नाव आणि तारीख असते. पत्रिका, करार आणि दुसऱ्या दिवशीचे परीक्षण किंवा वाचकपत्र, या तिहींचा मेळ बसला की नोंद पक्की.

दुसरा आक्षेप नेहमीचा, की सगळे काही यूट्यूबवर आहे. प्रसार भारतीने बरेच खुले केले आहे, 2024 पासून 'वेव्ह्ज' हे तिचे ओटीटी व्यासपीठही आहे, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण तिथे जे आहे ते उरलेल्यातले निवडक. भाग क्रमांक नाही, मूळ प्रक्षेपणाची तारीख नाही, सुरुवातीची नामावली कापलेली. अशा तुकड्यावरून दिग्दर्शक कोण होता हेही कळत नाही. तिसरा आक्षेप मात्र मला पटत नाही: त्यातले बरेचसे सामान्यच होते, गेले तर गेले. सामान्य होते हे कशावरून ठरवले? पाहून? पाहायला उरले कुठे? 1970 च्या दशकातली स्टुडिओतली बैठकीची खोली, पात्रांची 'अहो-जाहो', नायिकेची नोकरी, हुंड्याची बोली हे सारे त्या सामान्य नाटिकांतच अधिक खरे उतरले असण्याचा संभव आहे. आणि टाकायचेच असेल तर काय टाकतो आहोत त्याची यादी करून टाकावे.

उरतात घरच्या कॅसेटी. 1980 च्या दशकात ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी टीव्हीवरून उतरवलेले कार्यक्रम हा कोणत्याच सूचीत नसलेला साठा आहे. सुरतेत त्याला मोठी गळती लागली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, आणि तळमजल्यावरच्या कपाटांत चिखल शिरला. वरच्या मजल्यांवर, माळ्यांवर जे असेल तेच आता आशेचे. तेव्हा वाचकांना विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत व्हीएचएस कॅसेट हाती लागली, तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि उत्सुकतेने लगेच यंत्रातही घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल तर फीत आणि यंत्र दोन्ही जातील. डबीवरचे लेबल, त्यावर पेनने लिहिलेले नाव आणि तारीख यांचा आधी फोटो काढा. कॅसेटच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा टॅब शाबूत असेल तर मोडा, म्हणजे चुकून पुन्हा ध्वनिचित्रमुद्रण होणार नाही. लग्नाच्या चित्रीकरणाचे जुने काम करणारे, फीत स्वच्छ करून संगणकावर उतरवून देणारे लोक सुरतेत अजून आहेत. काम त्यांच्याकडे द्या. आणि 'मामाच्या लग्नाची' असे लिहिलेली कॅसेट शेवटपर्यंत पाहा. लग्न संपल्यावर उरलेल्या फितीवर लोक टीव्हीच उतरवून घेत.