अंकोरचे तलाव आणि आपले बांध



या अंकात लागवडीवरचा नेहमीचा लेख न देता आमच्या प्रवासाविषयी लिहावे, असा बऱ्याच जणांचा आग्रह झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आपले नऊ सभासद आणि मी असे दहा जण कंबोडिया देशातील अंकोरची प्राचीन मंदिरे पाहून आलो. खर्च ज्याचा त्याने केला, कारखान्याचा एक पैसाही त्यात नाही, हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर वार्षिक सभेत पहिला प्रश्न तोच यायचा.

गेलो होतो देवळे पाहावयास, पण आम्ही पडलो शेतीतली माणसे. चार दिवसांत देवांपेक्षा जास्त बोलणे झाले ते पाण्याचे, धानाचे आणि पाळींचे. म्हणून हा लेखही तिकडेच झुकणार.

नागपूरहून कोलकाता, तेथून बँकॉक आणि पुढे सिएम रीप असा आमचा मार्ग होता. सिएम रीप हे अंकोरजवळचे गाव. शहराबाहेर पडताच दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, धुऱ्यावर ताडाची झाडे, कापणी झालेल्या रानात चरणारी म्हसरे. आपल्या झाडीपट्टीचाच एखादा तुकडा उचलून तिकडे ठेवावा, तसे दिसते. पाऊसही आपल्यासारखाच. पाच-सहा महिने धो धो आणि मग उरलेले महिने कोरडे. देशाच्या मध्यावर तोन्ले साप नावाचे प्रचंड सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी फुगली की पाणी उलटे वाहून या सरोवरात शिरते आणि सरोवर चार-पाच पट पसरते. पावसाळा सरला की तेच पाणी पुन्हा सुलट वाहू लागते. कोरड्या महिन्यांत पाणी धरून ठेवायचे कसे, हा त्यांचा जुना प्रश्न, आणि आपलाही.

आता थोडा इतिहास. या देशाचे जुने नाव कंबुज. कौंडिण्य नावाचा ब्राह्मण समुद्रमार्गे तेथे आला, त्याने सोमा नावाच्या नागकन्येशी लग्न केले, आणि नागराजाने सगळे पाणी पिऊन जावयासाठी जमीन मोकळी करून दिली, अशी तिकडची कथा आहे. जावयाला हुंड्यात कोरडी जमीन! कथा सोडली तर शिलालेख भरपूर आहेत, त्यांतील बरेच संस्कृतात आहेत, आणि वर्षे दिली आहेत ती शकाची. आपल्या पंचांगात शालिवाहन शके म्हणून जो आकडा असतो, तोच तो शक. शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३ चा एक शिलालेख फ्नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या ६०५ मधले शून्य एका ठिपक्याने कोरलेले आहे, आणि जगातल्या सर्वांत जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते.

शके ७२४ मध्ये, म्हणजे इ. स. ८०२ साली, दुसऱ्या जयवर्म्याने कुलेन डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करविला. अंकोरच्या राज्याचा आरंभ तिथून धरतात. पण मला अधिक भावला तो त्याच्यानंतरचा राजा इंद्रवर्मा. हा ८७७ साली गादीवर आला आणि आजपासून पाच दिवसांच्या आत मी खोदकाम सुरू करीन अशी प्रतिज्ञा त्याने केली, असे शिलालेख सांगतो. खोदकाम कशाचे, तर तलावाचे. इंद्रतटाक नावाचा सुमारे ३.८ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद तलाव त्याने हाती घेतला. पुढे ८७९ साली त्याने आई-बापांच्या आणि पूर्वजांच्या नावे प्रेआ को हे मंदिर केले, आणि ८८१ साली शिवाचे बाकोंग हे पायऱ्या-पायऱ्यांचे मंदिर. आधी पाणी, मग पूर्वज, मग आपले देऊळ. पुढच्या कित्येक राजांनी हाच क्रम धरला. आपल्याकडे गावात काम निघाले की आधी कमान उभी राहते, ते आठवून आम्ही हसलो.

इंद्रवर्म्याचा मुलगा यशोवर्मा याने त्याहून मोठा तलाव केला, तो साडेसात किलोमीटर लांब. अकराव्या शतकात आणखी एक झाला, तो पश्चिम बाराई. बाराई म्हणजे त्यांचा तलाव. लांबी ८ किलोमीटर, रुंदी २.१ किलोमीटर. आपला नवेगावबांध साधारण ११ चौरस किलोमीटरचा धरला, तर हा त्याच्या दीडपट झाला. आणि गंमत म्हणजे हे तलाव खोल खणलेले नाहीत. चारी बाजूंनी मातीच्या पाळी उचलून सपाट जमिनीवरच पाणी अडवलेले आहे.

पश्चिम बाराईच्या पाळीवर आम्ही संध्याकाळी गेलो. आमच्यात अर्जुनी-मोरगाव भागातले सत्तरी ओलांडलेले एक कोहळी सभासद होते, त्यांना सगळे पाटीलबाबा म्हणतात. त्यांनी पाळीची माती हातात घेऊन चुरगाळली, इकडे तिकडे पाहिले आणि मला विचारले, "हा त आपलाच तलाव आहे जी साहेब. याचा सलंग कुठी हाये?"

आमचा वाटाड्या तिशीतला, इतिहास शिकलेला मुलगा. त्याने सांगितले की विद्वानांत यावर मोठा वाद झाला आहे. ग्रोस्लिए नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९७९ साली मांडले की अंकोर ही पाण्यावर उभी असलेली नगरी होती आणि या तलावांतून धानाला ओलीत होत असे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पडले की तलाव धार्मिक होते, मेरू पर्वताभोवतीचा समुद्र म्हणून बांधलेले. मी हे पाटीलबाबांना मराठीत समजावून दिले. ते म्हणाले, "वर पाणी, खाली धान. मंग एवढं पाणी काय देवाच्या आंघोळीलेच धरलं होतं का?" वाटाड्याला हे भाषांतर करून सांगितले तेव्हा तो खूप हसला. नंतरच्या नकाशांत पाणी आत येण्याचे आणि बाहेर सोडण्याचे मार्ग सापडले आहेत. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी जंगलाखालची जमीन मोजली, तेव्हा रस्ते, कालवे आणि बोड्यांचे जाळेच उघडे पडले. माझे मत पाटीलबाबांच्या बाजूचे आहे. पश्चिम बाराईतून आजही खालच्या बांध्यांना पाणी सुटते.

मुख्य मंदिर अंकोर वाट हे बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधले. मधला कळस ६५ मीटर उंच, भोवती १९० मीटर रुंद खंदक. भिंतींवर कुरुक्षेत्राचे युद्ध, लंकेचे युद्ध आणि समुद्रमंथन कोरलेले आहे. मंथनाचा एकच पट जवळजवळ ५० मीटर लांब आहे. आमच्यातल्या बायाबापड्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. रावण ओळखला, वानर ओळखले, वासुकी ओळखला. मनात आले, रामकथेसाठी आपण इतक्या लांब आलो. आणि उत्तररामचरित लिहिणारा भवभूती आमगावजवळच्या पदमपूरचा, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले, तिथे आपल्यातले किती जण गेले? नागऱ्याचे जुने शिवमंदिर तर गोंदियाच्या उशाला आहे. असो.

त्या खंदकाविषयी वाटाड्याने जे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. एवढे दगडाचे ओझे उभे आहे ते वाळूच्या जमिनीवर. जमिनीतले पाणी ठरावीक पातळीला असेल तोवर ही वाळू ओझे पेलते. पाणी खाली गेले की जमीन दबण्याचा धोका. खंदक आणि तलाव भरलेले असले की भूजल टिकते. सिएम रीपमध्ये हॉटेले वाढली, बोअर वाढले, तशी या देवळांची चिंता सुरू झाली. मंदिरांची देखभाल करणाऱ्या अप्सरा या सरकारी संस्थेने अलीकडच्या काळात जुने कालवे मोकळे करून बाराव्या शतकातल्या उत्तरेकडच्या जयतटाकात पुन्हा पाणी आणले आहे. दगडाची डागडुजी करणाऱ्यांना शेवटी गाळच काढावा लागला. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनीही १९८६ ते १९९३ या काळात, देश अशांत असताना, अंकोर वाटचे काम केले. त्यांच्या साफसफाईच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण कठीण दिवसांत ते तिथे होते.

ता प्रोम, बायोन, बांतेय स्रेई ही मंदिरेही पाहिली. फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, त्यामुळे वर्णन करीत नाही. एवढेच सांगतो की सातव्या जयवर्म्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस १०२ रुग्णालये चालविल्याचा शिलालेख आहे, आणि औषधांसाठी द्यावयाच्या जिनसांत मध आहे तशी साखरही आहे. आपल्या धंद्याचे नाव तिथे वाचून बरे वाटले.

एवढे राज्य गेले कसे? १४३१ साली सयामच्या अयुथ्याच्या फौजेने अंकोर घेतले, असे पुस्तकात असते. पण त्याच्या आधीच घर पोखरले होते. व्हिएतनामच्या डोंगरातील जुन्या झाडांच्या खोडांतील वलयांवरून संशोधकांनी पाऊसमान काढले आहे. चौदाव्या शतकाच्या मध्याला कित्येक वर्षांचे अवर्षण पडले, पंधराव्याच्या आरंभी पुन्हा पडले, आणि मधल्या काळात काही पावसाळे भलतेच जोराचे झाले. सुक्या वर्षांत कालवे कोरडे पडले आणि ओल्या वर्षांत फुटले, वाळूने भरले. पाचशे वर्षे जोडत नेलेली व्यवस्था एवढी मोठी झाली होती की एक ठिकाण तुटले की दुसरे तुटायचे. यशोवर्म्याचा तो साडेसात किलोमीटरचा तलाव आज कोरडा आहे. त्याच्या पोटात घरे आहेत आणि धान उभे असते.

नवीन काळातली एक गोष्ट वाटाड्याने गाडीत सांगितली. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने शहरे रिकामी केली, सगळ्यांना शेतावर हाकलले आणि हेक्टरी तीन टन धानाचा हुकूम काढला. उपासमार, रोगराई आणि कत्तल यांत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. धरणे, कालवे माणसांना उपाशी ठेवून हाताने खोदून घेतले. त्रापेआंग थ्मा नावाच्या अशाच एका धरणावर त्याच्या आजीने माती वाहिली होती. त्या धरणाच्या पाणथळीत आता सारस उतरतात आणि ती जागा राखीव आहे. सारस म्हणताच आमची मंडळी सरसावून बसली, कारण महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात. पण आजीची गोष्ट ऐकल्यावर कोणी फारसे बोलले नाही.

परतीच्या विमानात पाटीलबाबांशी बराच वेळ बोलणे झाले. अंकोरचे तलाव राजांनी केले. आपला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या शेतकऱ्याने बांधला. सात बहिणींच्या डोंगरांमधली फट पाहून पाळ घालणे हे नुसते अंगमेहनतीचे काम नव्हे. आणि त्याला लोकांनी कोलासुर देव म्हणून पुजले, यात नवल नाही. जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते असे सांगतात. त्यातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले. धानाबरोबर त्याच तलावांखाली कोहळ्यांनी ऊस लावला, गूळ केला. आपल्या भागात ऊस कारखान्यामुळे आला असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. ते योग्यच झाले. पण पाळीवर माती टाकायला, तुडूम दुरुस्त करायला सगळा गाव निघायचा, पाणकर पाणी वाटून द्यायचा, तो रिवाज बहुतेक गावांत मोडला. आता माजी मालगुजारी तलावांत गाळ आहे, बेशरम आहे, येव्याच्या वाटेवर अतिक्रमण आहे. ऊस बारा महिन्यांचे पीक. तलावात फेब्रुवारीपर्यंत पाणी राहिले तर खालच्या विहिरी मे महिन्यात साथ देतात. माझ्या नोंदवहीत तलावाखालच्या उसाची पाने दरवर्षी कमी होत आहेत, आणि ज्यांनी ऊस सोडला त्यांचे कारण बहुतेक वेळा एकच असते, विहीर आटली.

गाळप संपल्यावर ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या एप्रिल-मेमध्ये उभ्याच असतात. तलावाचा गाळ शेतात नेण्यासाठी २०१७ पासून गाळमुक्त धरण योजना आहे. ट्रॅक्टरवाल्यांना डिझेलपुरता आधार देऊन गट-गटाने एकेक तलाव घ्यावा, असा अर्ज आम्ही दहा जणांनी सह्या करून संचालक मंडळाकडे दिला आहे. पहिला तलाव कोणता, यावर मात्र आमच्या दहा जणांतच तीन मते आहेत, तेव्हा इतरांनीही गट कार्यालयात आपापले म्हणणे द्यावे.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. मंदिरांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे. वरच्या मजल्यावर चढताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. माळकऱ्यांनी जेवणाचे आधी सांगून ठेवावे, तिकडे भाजीतही मासळीचे पाणी पडते. बांतेय स्रेईच्या वाटेवर प्रेआ दाक गावात ताडाच्या रसाचा गूळ करतात, तो जरूर पाहा. कढई, चुलाण, फेस काढण्याची घाई, सगळे आपल्या गुऱ्हाळासारखे, फक्त चरखा नाही, कारण रस झाडावरूनच उतरतो. मी खिशातल्या ब्रिक्समीटरवर दोन थेंब टाकून पाहिले तेव्हा ती म्हातारी बाई घाबरली, मला सरकारी तपासनीस समजली. तिच्याकडून घेतलेला पाव किलो गूळ परत आल्यावर आपल्या प्रयोगशाळेत तपासायला दिला होता. दुसऱ्या दिवशी निकाल विचारायला गेलो तर डबा रिकामा होता, आणि चव उत्तम असल्याचे केमिस्टनी तोंडी कळविले.